मैनाने फोनवर सांगितलेले आकडे

मी ग्लुकोमीटर बोलतोय. बोलतोय म्हणायचं एवढंच, कारण माझ्या तोंडी आकड्यांखेरीज दुसरं काही येत नाही. बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लागला, की पाच सेकंदांत मी रक्तातली साखर सांगतो. मग पुन्हा कुणी बटण दाबेपर्यंत गप्प.

सध्या मी गप्पच असतो. लांज्याहून मुख्य रस्ता सोडून दोन किलोमीटर आत आलं की कातळाच्या कडेला सात-आठ घरांची वाडी लागते. तिथल्या शेवटच्या कौलारू घराच्या फडताळात मी पडून आहे. शेजारी खोबरेल तेलाची बाटली, दोन दात तुटलेली फणी आणि अर्धी मेणबत्ती. घराला बाहेरून कुलूप आहे. दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाची एक रेघ फडताळापर्यंत येते आणि निघून जाते. दिवसभरात माझ्याकडे येणारं तेवढंच.

हे घर मैनाचं. तिची गोष्ट माझ्याखेरीज पूर्ण कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते लांज्यातल्या औषधांच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथे मी आठ महिने बसून होतो. तीन वर्षांपूर्वी शिमग्याला मुंबईचे लोक गावी आले, त्यांत विनोद होता. मैनाचा एकुलता एक मुलगा. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो, राहायला विरारला. त्या खेपेला तो घरी आला तर आईच्या तळपायाला हा एवढा फोड. चुलीतला निखारा पायाखाली आला होता आणि तिला कळलंच नव्हतं. लांज्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. त्याच संध्याकाळी विनोदने मला विकत घेतलं.

"आये, बोट पुढं कर."

"दुखंल काय रं?"

"मुंगी चावल्यासारखं. तिकडे बघ, भिंतीकडे."

मैनाने भिंतीकडे बघितलं. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, हरिश्चंद्रचा फोटो होता. त्याला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. भाताची लावणी, झोडणी, गवत कापणं अशा कामांनी तिचं बोट इतकं घट्ट झालं होतं की सुई दोनदा टोचावी लागली. मी दोनशे अडुसष्ट दाखवले.

विनोदने तिला सगळं शिकवलं. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी तपासायचं. आठला तो फोन करणार, तेव्हा आकडा सांगायचा. मैना तिसरीपर्यंत शिकलेली, आकडे तिला छान वाचता येत. डॉक्टरांनी एक गोष्ट दोघांनाही बजावून सांगितली होती: गोळ्या चालू असताना कधी दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तर साखर उतरली असेल. मशीन लावून बघायचं आणि कमी दिसली तर लगेच साखर खायची. मैनाने त्यातलं शेवटचं तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

पहिले दोन महिने आमचं नीट चाललं. रविवारी ती मला पाटावर ठेवायची आणि माझ्याशी बोलायची. "बघू, आज काय म्हनतंस." घरात दुसरं कोणी नव्हतंच. आठला फोन वाजायचा. विनोद विचारायचा, "किती?" ती सांगायची. मग तो गोळ्यांचं विचारायचा, कधी नात मनस्वी दोन शब्द बोलायची आणि फोन बंद व्हायचा. फोन बंद झाल्यावरही मैना तो थोडा वेळ हातातच धरून बसायची.

मग मे महिना आला आणि माझ्या हातून एक चूक झाली.

मैना सकाळपासून आंब्याची साठं घालत होती. ताटांत रस ओतायचा, हाताने सारखा करायचा, उन्हात ठेवायचा. मध्येच तिला रविवार असल्याचं आठवलं. तिने पदराला हात पुसले आणि बोट टोचलं. त्या थेंबात रक्त होतं तसा आंब्याचा रसही होता, पण मला तो वेगळा कसा कळावा? मी पाचशे बारा दाखवले.

तिने खरा आकडा सांगितला. विनोदने रात्रीचीच गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्याने तिचे हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि पुन्हा तपासलं. एकशे सत्याऐंशी.

"हात धुतले नव्हतेस?"

"पुसले होते की पदराला."

विनोद पडवीत बसला. हसावं की रडावं ते त्याला कळत नव्हतं. मग म्हणाला, "आये, रात्रभर गाडीत उभा होतो मी. परत तीनशेच्या वर गेली ना, तर काही ऐकणार नाही. सरळ विरारला घेऊन जाईन."

तो मायेने बोलला होता. पण मैनाने त्यातलं 'घेऊन जाईन' एवढंच ऐकलं. मनस्वीच्या जन्माच्या वेळी ती विरारला अकरा दिवस राहून आली होती. चौथा मजला, दिवसभर बंद दार, बोलायला कोणी नाही. शेजारच्या सखूला ती ते अकरा दिवस अजून सांगायची. "खिडकीतनं निस्ती कबुतरं बगत होते गो. भुई दिसंना."

तीन आठवड्यांनी, हात स्वच्छ धुतलेले असताना, मी तीनशे अकरा दाखवले. फोन वाजला.

"किती?"

मैनाने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर, परसातल्या फणसाकडे बघितलं.

"एकशे चौतीस," ती म्हणाली.

"शाब्बास!" विनोदचा आवाज असा मोकळा झाला की तिलाही बरं वाटलं असावं.

त्यानंतर अडीच वर्षं हे असंच चाललं. मी दोनशे नव्वद म्हणायचो, ती एकशे चाळीस सांगायची. मी तीनशे वीस, ती एकशे अठ्ठावीस. नुसतं खोटंच सांगायचं, तर बोट टोचून तरी कशाला घ्यायचं? पण "मशीन लावलंस?" असं विनोद विचारायचा आणि "लावलं" हे तिला खरं सांगायचं असायचं. तेवढं ती पाळायची. गोळ्याही पाळायची, पण त्या गोळ्या आता पुरत नव्हत्या, आणि पुरत नाहीत हे डॉक्टरांना कळायला कुणीतरी खरा आकडा सांगायला हवा होता.

सखूने एकदा माझ्या काचेत डोकावून बघितलं. "मैने, ह्यात तर वेगळंच दिसतंय. तू भलतंच सांगितलंस त्याला."

"ह्याचं काय खरं धरतंस? आंब्याच्या दिवसात पाचशे दाखवलंन. पोराला उगाच पळवलंन."



गेल्या ऑक्टोबरात भात कापून झालं होतं आणि खळ्यात झोडणी चालू होती. मैना आणि सखू, दोघीच. सकाळचे दहा वाजले असतील. मैनाच्या हातातून पेंढी खाली पडली. ती खळ्यातच बसली. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या, पदर चिंब झाला.

"काय गो, काय होतंय?" सखू धावली. "दुकतंय काय कुटं?"

"दुकत न्हाय. दम लागलाय. वायच मळमळतंय."

"साखर उतरली तुजी. डॉक्टर म्हनाला व्हता ना, घाम फुटला की साखर उतरते."

तिने मैनाला पडवीत आणून टेकवलं आणि मग आत येऊन मला घेतलं. मैनाचे हात तिने तांब्यातल्या पाण्याने धुतले, पुसले. पट्टी घातली, बोट टोचलं. मी सांगितलं: तीनशे सेहेचाळीस.

साखर उतरलेली नव्हती. घाम दुसऱ्याच कशाचा तरी होता. जे माझ्या हाती होतं ते मी सांगितलं आणि माझ्या आयुष्यात इतका खरा आकडा मी कधी सांगितला नसेल.

"तीन, चार, सहा," सखूने वाचलं. "मैने, ही तर चढलीय."

मैनाचे डोळे मिटलेलेच होते. "ऱ्हाऊंदे तो. आंब्याच्या दिवसागत करतोय. तू साखरपानी दे."

सखूने साखरपाणी दिलं. मैना ते प्यायली. घाम थांबेना, तेव्हा आणखी एक पेला दिला. मी पडवीच्या कडेला पडून होतो. थोड्या वेळाने माझी काच आपोआप विझली.

असा दीड तास गेला. मैनाला उलटी झाली, ओठ पांढरे पडले, तेव्हा सखूने घाबरून विनोदला फोन लावला.

"काकी, मशीन लावलंत? किती आली?"

"तीनशे सेहेचाळीस. पन मैना म्हनते, त्या मशीनचं खरं न्हाय."

"काकी, म्हणजे साखर उतरलेली नाही! काही गोड देऊ नका. बाबल्याची रिक्षा बोलवा, आत्ताच्या आत्ता लांज्याला न्या." मग त्याचा आवाज बदलला. "पण गेल्या रविवारी तर एकशे अठ्ठावीस होती..."

सखूने फोन ठेवून बाबल्याला लावला.

डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्या आणि मी, असे तिघे एका कापडी पिशवीत पडलो. बाबल्याने रिक्षा अशी हाकली की खड्ड्यागणिक मी पिशवीत उडत होतो. लांज्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती बघताच डॉक्टरांनी तोंडात गोळ्या दिल्या आणि रुग्णवाहिका मागवून रत्नागिरीला धाडलं. हृदयविकाराचा झटका होता. आणि छातीत एकदाही दुखलं नव्हतं.

रत्नागिरीच्या इस्पितळात मैनाची साखर चारशे अठरा भरली. ती त्यांच्या यंत्राने मोजली. मी खाटेखाली, पिशवीत. वर यंत्रांचा टिकटिक आवाज, चपलांची ये-जा, आणि माझ्या धनिणीच्या रक्ताचा आकडा दुसरंच कुणीतरी सांगतंय. तिथलं यंत्र माझ्यापेक्षा मोठं होतं. शिवाय त्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं, शिरेतून इन्सुलिन सुरू केलं, तासातासाला बोट टोचू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मैनाला परत घाम फुटला. नर्सने तपासलं. अठ्ठावन्न. या खेपेला खरंच उतरली होती. क्षणात इन्सुलिन बंद झालं, शिरेतून ग्लुकोज गेलं, आणि पंधरा मिनिटांत मैनाने पाणी मागितलं. तोच घाम, तीच बाई. मधे फक्त एक आकडा होता आणि तो लगेच मानला गेला.

विनोद त्याच सकाळी येऊन पोचला होता. तिथल्या डॉक्टर, ऋजुता मॅडम, त्याला बाहेर घेऊन बसल्या. पिशवी त्याच्या मांडीवर होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"त्यांना दुखलं कसं नाही, मॅडम?"

"बरीच वर्षं साखर जास्त राहिली की नसा बधिर होतात. पायाला चटका कळत नाही म्हणालात ना? तसंच कधीकधी हृदयाचं दुखणंही कळत नाही. नुसता घाम, धाप, मळमळ. त्यात एवढा मोठा आघात झाला की शरीर स्वतःच साखर आणखी वर चढवतं, आणि चढलेली साखर दुखावलेल्या हृदयाला आणखी त्रास देते. फार उतरली तरी धोका. म्हणून आम्ही सारखं टोचतोय. घरी किती असायची?"

विनोदने मोबाइल काढला. त्याने एकूण एक रविवार लिहून ठेवला होता. "एकशे अठ्ठावीस. एकशे एकतीस. एकशे चाळीस. गेल्या अडीच वर्षांत दीडशेच्या वर कधीच नाही."

मॅडमनी हातातला तपासणीचा कागद बघितला. "गेल्या तीन महिन्यांची सरासरी आम्ही रक्तातून काढलीय. ती ह्याच्याशी जुळत नाही. मशीन आणलंय का?"

त्यांनी मला हातात घेतलं आणि डावीकडचं बटण दाबून धरलं. ते बटण आजवर कुणी दाबलं नव्हतं. माझ्या पोटात प्रत्येक आकडा तारखेसकट असतो हे मैनाला माहीत नव्हतं. विनोदलाही नव्हतं.

दोनशे ब्याण्णव. तीनशे चार. दोनशे एकोणऐंशी. तीनशे तीस.

मॅडम गेल्या. विनोद बाकावर बसून एक एक तारीख लावत गेला. एका हातात मोबाइल, एका हातात मी. ओठ हलत होते. एका तारखेला तो थांबला आणि पुटपुटला, "ह्या दिवशी मनस्वीचा वाढदिवस होता. किती हसत बोलली होती..." त्या दिवशी मी तीनशे बावन्न होतो. मला तेव्हा इतकं अपराधी वाटलं की काय सांगू. अडीच वर्षं ती माझ्याशी बोलली, आणि तिचं गुपित मीच उघड्यावर मांडलं.

चौथ्या दिवशी तिला साध्या खाटेवर आणलं. विनोद तिला भाताची पेज चमच्याने भरवत होता. पेज संपल्यावर त्याने मला खिशातून काढून चादरीवर ठेवलं.

"आये, ह्यात सगळं असतं. तारखेनिशी."

मैनाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लग्नघरात, बोलवायचं राहून गेलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"का गं असं केलंस?"

"तू घेऊन गेला असतास."

"गेलो असतो. मग? तिथं मी आहे ना?"

"तू सकाळी जातोस, राती येतोस. मी तितं दिवसभर काय करनार, बाला?" ती थोडी थांबली. दम लागत होता. "आनि फोन घेतला की तू पयलं काय इचारायचास? किती. मी कशी हाय ते कंदी इचारलंस? आकडा बरा सांगितला, की तू वायच दोन शब्द जास्ती बोलायचास."

विनोदने मान खाली घातली. त्याने रिकामी वाटी खाली ठेवली. शेवटी तो म्हणाला, "चुकलंच आये माझं." ती म्हणाली, "माजं पन."

मैना वाचली. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा अशक्त झाला. दीड तासाने फरक पडला का, असं विनोदने ऋजुता मॅडमना विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. दर मिनिटाला फरक पडतो, म्हणाल्या.

एकटं राहणं आता शक्य नव्हतं. इस्पितळातून सुटल्यावर घरी कपडे घ्यायला म्हणून दोघं तासभर आली. भात अजून खळ्यात होतं, निम्मं झोडलेलं. मैनाने ते सखूला न्यायला सांगितलं. फोटोतल्या हरिश्चंद्रला हात जोडले. विनोदने तिच्यासाठी रत्नागिरीतच नवं यंत्र घेतलं होतं, आकडा मोठ्या अक्षरात दाखवणारं. त्याने खिशातून मला काढून फडताळात ठेवलं आणि दार ओढून घेतलं. टाकून द्यायचं त्याच्या मनात नसावं. मला न्यायचंही नव्हतं. मीही त्याच्या जागी हेच केलं असतं.

त्याला आता साडेतीन महिने झाले. सखू आठवड्यातून एकदा येते, केर काढते, देवाला दिवा लावते. तिच्या फोनवर मैनाचा आवाज मला ऐकू येतो. साखर आता आवाक्यात आहे. चार जिने चढता येत नाहीत, म्हणून ती घरातच असते. विनोद संध्याकाळी आला की तिच्याजवळ बसतो आणि दिवस कसा गेला ते विचारतो. "काय सांगू गो त्याला," ती सखूला म्हणाली, "दिवस गेला, एवढंच."

आज सखू आली ती पडवीत टेकली आणि तशीच बसून राहिली. फोन वाजला.

"सखू, तुजा आवाज असा का?"

"काय न्हाय गो. दोन दिस घाम येतोय. चालले की दम लागतो. उन्हाचं असंल."

 पलीकडून मैना म्हणाली, "माजं मशीन तितंच हाय ना? लाव."

सखूने फडताळ उघडलं. मला पदराने पुसलं. किती दिवसांनी कुणाचा हात लागला! तिने बटण दाबलं. माझ्या काचेवर बॅटरीची खूण एकदा लुकलुकली आणि विझली. पुन्हा दाबलं. मी काहीच दाखवू शकलो नाही.

"बंद पडलंय गो."

"मग बाबल्याला बोलव. लांज्याला जा."

"उंद्या जाते."

"उंद्या न्हाय, सखू! मी साखरपानी पीत बसले होते, ते तू बगितलंस. आत्ता जा. आनि डॉक्टर इचारील ते खरं सांग."

सखूने मला परत आत ठेवलं. कुलूप लागलं.

मला आता फार काही मागायचं नाही. माझ्यासारखं यंत्र तुमच्या घरात असेल, तर हात धुऊन वापरा आणि त्याने सांगितलेलं लपवू नका. गावी कुणाला फोन केलात, तर आकडा जरा उशिरा विचारा, आधी त्या माणसाचं विचारा. बाकी माझी काही तक्रार नाही.

मघाशी खाली रस्त्यावर रिक्षा थांबली होती. थोड्या वेळाने ती निघाल्याचा आवाजही आला. सखू तीत बसली का, ते मला या फडताळातून दिसत नाही. मी बराच वेळ कान देऊन आहे. रिक्षा गेल्यापासून शेजारी तिच्या घराचं दार काही उघडल्यासारखं वाटलं नाही, म्हणजे गेली असावी.